रेमंडचा कान

सोमवार, ६ जानेवारी २०२५

ही वही प्रीतलने दिली. म्हणाली, पप्पा, कंट्रोलर बसवताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं, त्याने काय झालं ते तारीख घालून लिहा. नाहीतर चार दिवसांनी काही आठवत नाही. चाळीस वर्षं गिरीजला घराच्या पुढच्या अंगणात गॅरेज चालवतोय, कधी अक्षर लिहिलं नाही. पण या कामातला लॅपटॉपचा भाग माझ्या लेकीचा, तेव्हा तिचं ऐकणं आलं.

गाडी कळंबच्या काशिनाथची. सत्त्याण्णवची जिप्सी, पेट्रोलवरची. तिने तो होड्या पाण्यातून वर ओढतो. खाऱ्या हवेने कार्बोरेटर सडला, डिस्ट्रिब्युटर झिजला, आणि नवे आता मिळत नाहीत. म्हणून बाहेरचा कंट्रोलर बसवायचा. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो डबा ठरवणार. डब्याला डोळे नाहीत, म्हणून इंजिनावर जागोजागी सेन्सर. क्रँकला एक, पाण्याला एक, हवेला एक, ब्लॉकला एक.

काशिनाथ चावी देताना म्हणाला, "डबा कसला पन बसव. शेवटी तुझा कान हाय ना, मग मला काळजी नाय."

गुरुवार, ९ जानेवारी

सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन एकदा खोकतं आणि गप्प. प्रीतल संध्याकाळी कामावरून आली, तिने लॅपटॉप लावला. पाण्याचा सेन्सर उणे चाळीस दाखवत होता. वसईत उणे चाळीस. डब्याला वाटत होतं की बाहेर बर्फ आहे, म्हणून तो पेट्रोल ओतत होता. प्लग भिजून चिंब. कनेक्टरमधली पिन आत दबली होती. बाहेर काढली, तीस दाखवू लागला.

तरी सुरू नाही. उद्या क्रँकचा सेन्सर.

शनिवार, ११ जानेवारी

सुरू झालं. साडेअकराला. क्रँकच्या सेन्सरची वायर कॉइलच्या वायरीला चिकटून गेली होती, त्यामुळे डब्याला क्रँकच्या चाकाचे खोटेच दात मोजायला मिळत होते. वायर लांबून नेली, तिच्यावरची जाळी नीट अर्थिंगला जोडली. पहिल्याच सेल्फला धरलं.

प्रीतलची ममा रोझलीन हात पुसत बाहेर आली, काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? ती हसली आणि आत गेली. जेवताना विचारलं तर म्हणाली, काही नाही, जेवायला हाक मारत होते.

मंगळवार, १४ जानेवारी

लॅपटॉप सांगतो, ठिणगी पिस्टन वर पोचायच्या दहा डिग्री आधी पडते. मी टायमिंग लाइट धरला तर पुलीवरची खूण अठरावर. म्हणजे डबा एक बोलतो आणि इंजिन दुसरं करतं. प्रीतलने डब्यात टायमिंग दहावर बांधून ठेवलं आणि मी लाइट धरून आकडे सांगत गेलो. खूण दहावर आणली. पण रेस वाढवली की खूण सरकायची. तासभर डोकं खाजवलं. शेवटी क्रँकच्या सेन्सरच्या दोन वायरी उलट्या निघाल्या. अदलाबदल केली, पुन्हा दहावर लावलं, आणि चार हजारापर्यंत खूण जागची हलली नाही.

प्रीतलच्या चेहऱ्यावर आनंद बघून बरं वाटलं. चौदा वर्षांची असताना प्लग साफ करायला बसायची, तसा चेहरा.

रविवार, १९ जानेवारी

मिस्साला गेलो. नवे फादर चांगले आहेत म्हणतात, पण तोंडातल्या तोंडात बोलतात. प्रवचनातलं अर्धं कळलं नाही. जुने फादर कसे शेवटच्या बाकापर्यंत पोचायचे.

घरी टीव्हीवरून रोझलीनशी वाद. ती म्हणते आवाज शेजारच्या हेमांगीच्या वाडीपर्यंत जातो. टीव्हीचा स्पीकर गेलाय, नुसतं घोंघावतं. उघडून बघायला हवा.

बुधवार, २२ जानेवारी

गाडी रस्त्यावर काढली. सपाटीला झकास. निर्मळच्या चढाला दाबली की तीन हजाराच्या पुढे जीव जातो. प्रीतल बाजूला लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ओरडतोय, म्हणून डबा ठिणगी मागे ओढतो.

नॉक म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपलं आपण भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. सायकलवरून जाताना बाजूच्या गाडीचं टायमिंग सांगायचो मी. तीन वेळा चढ चढलो, काच खाली करून. काही नाही. इंजिन लोण्यासारखं.

सेन्सरचा बोल्ट सैल असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

बोल्ट मापाने आवळला. वायर बदलली. सेन्सर नवा घातला. बॅटरीचा ब्रॅकेट हलत होता, तो घट्ट केला. तरी तीन हजाराला चढावर तेच. दोन दिवस गेले.

आज प्रीतल घरून काम करत होती. दुपारी चढावर घेऊन गेलो. परत येताना तिने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"पप्पा, मला ऐकू येतंय."

"काय?"

"नॉक. बारीक टिकटिक. चढावर दाबलं की."

मी म्हटलं, ते टॅपेट आहेत, जिप्सीचे टॅपेट असेच वाजतात. ती म्हणाली, नवा सेन्सरपण तेच सांगतो, तो कशाला खोटं बोलेल? मी जरा चढलोच. म्हटलं, सेन्सर चार दिवसांचा, माझा कान चाळीस वर्षांचा. काशिनाथ माझ्याकडे येतो तो सेन्सरसाठी नाही.

ती काहीतरी बोलणार होती. मग लॅपटॉप उघडला, मी सांगितलं तसा नॉक सेन्सर बंद केला, आणि वरच्या रेसला दोन डिग्री वाढवून दिल्या. गाडी काय ओढते आता.

घरी येताच ती लॅपटॉप घेऊन आत गेली. पोरीला उगाच लागट बोललो.

मंगळवार, २८ जानेवारी

काशिनाथ गाडी घेऊन गेला. जाताना मूठभर सुके बोंबील दिले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काशिनाथचा फोन. फोनवर त्याचं नीट कळत नाही, कळंबला नेटवर्क नाही. शेवटी मीच गेलो. तो म्हणतो, भरलेली होडी वाळूवरून ओढताना डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. मी बाजूला बसलो, त्याने होडी ओढून दाखवली. वारा होता, लाटा होत्या. मला काही ऐकू आलं नाही. म्हटलं, सायलेन्सरचा पत्रा असेल, आवळून देतो.

"तू म्हनतोस तर तसंच असंल," म्हणाला. भला माणूस.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

रोझलीन पडली.

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. शेवाळावरून पाय घसरला. मी पुढे गॅरेजमध्ये होतो, केनी नावाच्या गिऱ्हाइकाच्या झेन गाडीच्या वायरी लावत बसलो होतो. वीज गेली होती, पंखा बंद, रस्त्यावर गाडी नाही. अशा शांततेत बारीक काम चांगलं होतं. हेमांगी धावत आली तेव्हा पावणेबारा वाजले होते. रोझलीन अकराच्या आधी धुणं घेऊन गेली होती. म्हणजे तासभर ती ओल्या फरशीवर पडलेली होती, माझ्यापासून वीस पावलांवर.

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या नाहीतर परवा ऑपरेशन.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दवाखान्यात रोझलीनला विचारलं, हाक का नाही मारलीस? म्हणाली, चक्कर आली होती, शुद्ध नव्हती, हाक मारलीच नाही. प्रीतल पलंगाच्या पलीकडे उभी होती. ती खिडकीकडे वळली.

मनातून जरा हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. हाक मारली असती आणि मी गेलो नसतो तर कसं तोंड दाखवलं असतं.

हेमांगी डबा घेऊन आली होती. तिला म्हटलं, बरं झालं तू बघितलंस. ती म्हणाली, बघितलं नाही हो, ऐक... आणि मग रोझलीनने तिला पाणी मागितलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ऑपरेशन सोमवारी झालं. आत सळी घातली. डॉक्टर म्हणतात चालेल, पण वॉकर धरून, आणि वेळ लागेल. रात्री प्रीतल थांबते, दिवसा मी. रोझलीन झोपली की तिच्या तोंडाकडे बघत बसतो. लग्नाला पस्तीस वर्षं होतील मे महिन्यात. इतका वेळ सलग तिच्याकडे मी बघितलं नव्हतं.

रविवार, २ मार्च

घरी आणली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला. खिडकीच्या बाहेर लगेच गॅरेज. काही लागलं तर बोलवायला म्हणून उशाशी पितळेची लहान घंटी ठेवली. प्रीतलने वाजवून दाखवली. मी मान हलवली.

शनिवार, ८ मार्च

आठवडा होईल, रोझलीनने एकदाही घंटी वाजवली नाही. दर तासाला मीच आत जाऊन विचारतो. कधी चादर ओली झालेली असते, कधी पाणी सांडलेलं. म्हणतो, अगं वाजवायची ना. ती म्हणते, तुमचं काम कशाला मोडा. जन्मभर अशीच. दुसऱ्याला त्रास नको.

बुधवार, १२ मार्च

काशिनाथची जिप्सी बंद पडली. त्याने फोन प्रीतलला केला, मला नाही. भरलेली होडी ओढत असताना मोठा आवाज होऊन इंजिन बसलं, दोर सुटला, होडी मागे घसरून खडकावर आपटली. तळ फुटला. तिघेजण मागून ढकलत होते, ते वेळेवर बाजूला झाले म्हणून. नाहीतर.

पेट्रोलच खराब. आजकाल काय काय मिसळतात.

सोमवार, १७ मार्च

जिप्सी टो करून आणली. सकाळी हेड उघडलं.

तिसरा पिस्टन कडेने उंदराने कुरतडल्यासारखा. मधे बोट जाईल एवढं भोक. बाकीच्या तिघांवर टोचे मारल्यासारखे खड्डे. प्लगच्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके. असे पिस्टन मी दुसऱ्यांच्या गॅरेजातून आलेले बघितलेत आणि त्या मेकॅनिकांना नावं ठेवलीत. हे पेट्रोलने होत नाही. हे एका दिवसात होत नाही. महिनाभर नॉक होऊन होतं.

पिस्टन हातात घेऊन बाकड्यावर बसलो. प्रीतल घरूनच काम करत होती. तिला बोलावलं, म्हटलं, जानेवारीचं रेकॉर्ड काढ. तिने काढलं. निर्मळच्या चढावर, प्रत्येक वेळी, तीन हजाराला, त्याच जागी. रेषा वर उभी.

विचारलं, तुला त्या दिवशी खरंच ऐकू येत होतं?

"हो, पप्पा."

"आणि मला नाही."

तिने लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस, की तुमच्या कानाला झालंय काहीतरी?

"त्या सेन्सरचं तुम्ही काय केलं ते मी बघितलं ना," ती म्हणाली.

मंगळवार, १८ मार्च

आजचं लिहायचं नव्हतं, तरी लिहितो.

अकराच्या सुमारास ऑइलचे हात धुवायला घरात गेलो. पुढच्या खोलीच्या दारात आलो. रोझलीनची पाठ माझ्याकडे होती, तोंड खिडकीकडे, गॅरेजकडे. तिचा उजवा हात वर होता. हातात घंटी होती. ती घंटी वाजवत होती. मनगट हलत होतं, जोरजोरात, घंटीतला लोळा इकडून तिकडे आपटताना मला दिसत होता.

मला काही ऐकू येत नव्हतं. सहा फुटांवरून.

ती थांबली, हात खाली घेतला, खांदा चोळला, आणि पुन्हा वाजवायला लागली. दमलेली होती. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. आठवडाभर, पंधरा दिवस, रोज किती वेळा.

मी पुढे जाऊन तिचा हात धरला. ती दचकली. मग तिने घंटी चादरीखाली सारली, चोरी पकडल्यासारखी.

मी समोर बसलो, तिचं तोंड दिसेल असा. विचारलं, "त्या दिवशी हाक मारली होतीस?"

"हेमांगीने सांगितलं?"

"कोणी नाही. तू सांग."

ती चादरीची घडी करत राहिली.

"मारली," ती म्हणाली. "आधी नेहमीसारखी, प्रीतलच्या पप्पा म्हणून. मग नावाने मारली."

पस्तीस वर्षांत रोझलीनने माझं नाव घेतलेलं नाही. तिच्या आईने शिकवलेलं. माझ्यासमोर नाही, माझ्या मागे नाही. त्या दिवशी ओल्या फरशीवर पडून ती रेमंड, रेमंड म्हणून ओरडली, आणि मी वीस पावलांवर शांततेत वायरी लावत बसलो होतो. हेमांगी तिच्या वाडीच्या पार टोकाला पाणी सोडत होती. तिकडून आत आली तशी तिने ऐकली.

"मला खोटं का सांगितलंस?"

"काय सांगणार? लोक तुमच्या कानाचं नाव घेतात," ती म्हणाली. "माझं हाड काय, जुळेल."

सोमवार, २४ मार्च

वसईला कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ मी बोट तयार ठेवून बसलो होतो आणि वाटत होतं मशीन बंद आहे. बाहेर काचेपलीकडे बाई बटणं फिरवत होती आणि प्रीतल माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी कागद दाखवला. कागदाच्या डाव्या कडेला रेषा बरी आहे, मग एकदम दरीत. म्हणाले, जाड आवाज येतात तुम्हाला, म्हणून इंजिन ऐकू येतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ऐकू येतंय. बारीक आवाज गेलेत. घंटी, पाखरं, बायकांचं बोलणं. मी विचारलं, किती वर्षांपासून? म्हणाले, दहा तरी. इंजिनांजवळ काम करणाऱ्यांचं असंच होतं, हळूहळू, म्हणून कळत नाही.

दहा वर्षं. या दहा वर्षांत किती गाड्यांना मी कानाने टायमिंग लावून दिलं.

कानाचं मशीन मापाचं करून घ्यायचंय. तीन-चार आठवडे.

रविवार, ३० मार्च

मिस्सानंतर कळंबला गेलो. एकटाच. प्रीतल येते म्हणाली, नको म्हटलं.

काशिनाथ उलट्या घातलेल्या होडीपाशी बसला होता. तळाला हात जाईल एवढं भगदाड. मी उभ्यानेच सांगितलं. पेट्रोल नाही, पत्रा नाही, मी. सेन्सर बरोबर सांगत होता, तो मी बंद करायला लावला. तुझ्या माणसांचा जीव गेला असता तर तो माझ्या नावावर होता.

त्याने भगदाडाच्या कडेवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून मोठ्याने, एकेक शब्द वेगळा करून बोलला, म्हातारीशी बोलावं तसा.

"मला ऐकू येत व्हतं रे. रोज. पन मी म्हटलं, रेमंडला येत नाय म्हनजे नसंल. माझ्याच कानात वारा बसला असंल."

तो शिव्या देईल म्हणून गेलो होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना म्हणाला, "इंजिन तूच बांध. पन पोरीला बाजूला बसव."

मंगळवार, ८ एप्रिल

इंजिन बांधून झालं. चारही पिस्टन नवे. टायमिंग लाइटने दहा डिग्री तपासली, दोनदा. मी वाढवलेल्या दोन डिग्री काढल्या, वर आणखी तीन कमी केल्या. नॉक सेन्सर चालू.

प्रीतलने सुट्टी घेतली होती. कळंबच्या वाळूवर भरलेली होडी मागे बांधून ओढली. ती आणि काशिनाथ पुढे बसले. मी मागे. मला ऐकायचं नव्हतंच. लॅपटॉपवरची रेषा खाली पडून राहिली होती, मी तिच्याकडे बघत होतो. काशिनाथने मागे वळून मान हलवली, म्हणजे काही वाजत नाही.

मीही हलवली.

त्याची होडी मात्र या हंगामात पाण्यात जाणार नाही.

शनिवार, २६ एप्रिल

काल मशीन मिळालं. दोन्ही कानांत. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला सगळं कर्कश वाटेल, घाबरू नका. वाटतंच. चमचा बशीवर ठेवला तरी दचकतो. स्वतःचं पाऊल ऐकू येतं. हेमांगीच्या वाडीत केळीची पानं एकमेकांवर घासतात, तेही.

सकाळी रोझलीनला चालवायचं होतं. रोज दहा वाजता ती वॉकर धरून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि परत येते. महिनाभर मी तिच्या शेजारी चालतोय. तोंडाने काही बोलत नाही, ओठ मिटलेले, सरळ पुढे बघते. मी प्रीतलला सांगायचो, बघ, तुझी ममा किती छान चालायला लागली, दुखणं संपलं.

आज तिने पहिलं पाऊल टाकलं आणि मला एक आवाज आला. बारीक, नाकातून, दाबलेला. मला वाटलं मशीनच किरकिरतंय. दुसऱ्या पावलाला पुन्हा. तिसऱ्याला पुन्हा. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ओठ मिटलेलेच होते.

प्रत्येक पावलाला ती कण्हत होती. महिनाभर कण्हत होती.

मी थांबलो तशी ती थांबली. माझ्या कानांकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं.

"आता ऐकू येतं, नाही का," ती म्हणाली. "बरं. मग नाही करणार."

तिने ओठ दातांखाली धरला आणि वॉकर उचलायला लागली. मी तो धरून ठेवला. म्हटलं, कर. जेवढं दुखतं तेवढं कर.

ती नको म्हणत होती. मी वॉकर सोडला नाही. मग तिने पाऊल टाकलं आणि कण्हली, या वेळी तोंड उघडून, आणि आम्ही स्वयंपाकघराकडे निघालो. अठरा पावलं जायला, अठरा यायला.